हात लागला तर हात वर

मुरुमच्या बसस्थानकासमोर सरदारचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं आणि खिळ्यांना टांगलेल्या जुन्या ट्यूबा. त्या ट्यूबांच्या गर्दीत दोन-तीन फुटबॉल लटकलेले असायचे. आता नसतात. ते का नसतात याला मी कारण आहे, आणि ते मी सांगणार आहे, पण आधी सरदारबद्दल सांगू द्या. माझ्याबद्दल अभिमानानं सांगावं असं फारसं नाही. माझं नाव बंडप्पा, निवृत्त प्राथमिक शिक्षक. गाव मला गुरुजी म्हणतं. सवयीनं म्हणतं.

सरदार माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. अंगानं वाळका, बोटं सोल्युशननं कायमची काळी, आणि बोलणं कमी. सोळाव्या वर्षी तो हैदराबादला मामाच्या सायकल दुकानात कामाला गेला आणि तिथल्या मोहल्ल्याच्या संघात फुटबॉल खेळायला लागला. मामा वारल्यावर परत आला तो एक पंप, एक पान्हा आणि एक चेंडू घेऊन. पंप-पान्ह्याचं गावाला काही वाटलं नाही. चेंडूचं हसू आलं. मुरुममध्ये पोरं क्रिकेट खेळतात. फुटबॉल हा प्रकार आम्ही टीव्हीत पाहिलेला.

आठवडी बाजाराचं मैदान बाजाराचा दिवस सोडला तर रिकामंच असतं. तिथं त्यानं दोन दगड इकडं, दोन दगड तिकडं ठेवून पोरांना शिकवायला सुरुवात केली. पोरं महिनाभर आली, मग क्रिकेटकडं पळाली. पोरी राहिल्या. त्यांना दुसरं कुणी खेळायला बोलावलंच नव्हतं.

मी संध्याकाळी त्या मैदानाच्या कडेला कट्ट्यावर बसायचो आणि त्याची चेष्टा करायचो. "सरदार, भारताचा संघ काढतोस का काय मुरुममधून?" तो म्हणायचा, "बघू की गुरुजी." त्याचं शिकवणंही आम्हाला उफराटं वाटायचं. नव्या पोरीला कुणी सोप्या सामन्यात उतरवतं. हा सगळ्यात अवघड सामन्यात, शेवटच्या दहा मिनिटांत, सगळ्यात नवी पोरगी आत पाठवायचा. मी एकदा विचारलं तर ट्यूब घमेल्यात बुडवत म्हणाला, "हवा कुठनं जाती ते पाण्यात बुडिवल्याबिगर कळत न्हाय."

दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो मोबाइलवर परदेशातले सामने बघायचा. मी शेजारी बसायचो. गोल झाला की मी ओरडायचो, आणि तो मला गप करून भलतंच काही दाखवायचा. "गुरुजी, त्यो बाराव्या नंबरचा बघा. पडलेल्याला उठिवला. समोरच्या संघाचा हाय त्यो, तरी उठिवला." किंवा, "हे पोरगं अठरा वर्षाचं हाय. पयल्यांदाच देशाकडनं उतरलंय. चुकलं, अन् कुणाकडं बोट न्हाय दाखिवलं. बसणार हे संघात." गोल कुणी केला हे त्याच्या ध्यानातही राहायचं नाही. पाय शिकवता येतात, काळीज घरून आणावं लागतं, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते पंक्चरवाल्याचं तत्त्वज्ञान वाटायचं, आणि मी हसायचो.

त्याच्या मैदानावर नियम एकच होता. हात लागला तर हात वर. चेंडूला तुझा हात लागला आणि पंचानं पाहिलं नाही, तरी तूच हात वर करायचास. ज्या पोरीनं केला नाही ती आठ दिवस बाहेर, मग ती कितीही चांगली खेळत असो. एकदा त्यानं स्वतःच्या पोरीला, तहरीमला, बाहेर बसवलं, आणि त्याची बायको शरिफाबी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

शिवकन्या त्याच्याकडं आली ती आठवीत असताना. मेंढपाळाची पोर. बाप रामलिंग, आई सिताबाई. त्यांची वस्ती मुरुमपासून तीन किलोमीटरवर, आणि वर्षातले सहा महिने मेंढरं घेऊन त्यांची फिरती, पार येडशीच्या रामलिंगाच्या देवळापर्यंत. ही पोरगी काकूजवळ राहून शिकली. उंच, अंगानं घट्ट, आणि चेंडूपेक्षा माणसाकडं बघणारी. सरदारनं तिला बचावाला उभी केली. कळपातलं मेंढरू कुठून फुटणार हे तिला लहानपणापासून कळायचं, तसा समोरचा खेळाडू कुठून निसटणार तेही कळायचं.

तुळजापूरला शाळांच्या जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना होता. एक-एक अशी बरोबरी, दहा मिनिटं उरलेली, आणि सरदारनं सवयीप्रमाणे सगळ्यात नव्या पोरीला, म्हणजे शिवकन्याला, आत पाठवलं. आम्ही कडेला होतो. मिनिटभर राहिलं असताना आपल्याच गोलसमोर चेंडू उसळून तिच्या कोपराला लागला. पंचाची पाठ होती. कुणालाच दिसलं नाही. पोरगी थांबली, आणि तिनं हात वर केला.

पेनल्टी मिळाली, गोल झाला, आम्ही हरलो. शाळेचे लोक सरदारवर असे तुटून पडले की विचारू नका. "हात दाखवून अवलक्षण!" असं एकजण तोंडावर म्हणाला, आणि मीही हसलो. परतीच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा नेहमी सरदारची असायची. त्या दिवशी त्यानं तिथं शिवकन्याला बसवलं आणि स्वतः मागं पोरींमध्ये दाटीवाटीनं बसून आला. मुरुम येईपर्यंत त्याच्या तोंडावर जे समाधान होतं, ते जिंकून आलेल्या माणसाच्या तोंडावर मी पाहिलेलं नाही.

आता माझं पाप.

शिवकन्याचं नाव शाळेत मी घातलं. वस्तीवरच्या शाळेत मी होतो तेव्हा, जून दोन हजार पंधरा. त्या वर्षी पहिलीत एकही नाव नव्हतं, आणि पहिली रिकामी राहिली तर शाळा बंद, असं वरून कळलेलं. आयुष्याची वीस वर्षं ज्या शाळेत काढली ती डोळ्यांदेखत बंद होणार म्हणून मी कासावीस झालो होतो. अशात सिताबाई पोरीचा हात धरून आली. पोरीचे पुढचे दोन्ही दात नवे आलेले, म्हणजे सातच्या पुढची. सहा वर्षांच्या पोराचे दात मला कळत नाहीत असं नाही.

"जन्म कधीचा?" मी विचारलं.

"मेंढरं येडशीच्या रामलिंगाकडनं परतीला लागली हुती तवा," सिताबाई म्हणाली. "थंडी लई हुती. आमच्या जाऊबाईचा भागवत अन् ही, दोघं एकाच आठवड्यातली. त्यो दवाखान्यात झाला, ही वाटंवर."

भागवतचा दाखला मागवला असता तर तारीख लगेच कळली असती. डिसेंबर दोन हजार सात. पण मग पोर साडेसात वर्षांची ठरली असती, वयाप्रमाणे दुसरीत बसली असती, आणि माझी पहिली ओस पडली असती. मी पेन उचललं आणि लिहिलं, एक जून दोन हजार नऊ. सिताबाईचा अंगठा घेतला.

बाहेरच्या माणसाला हे भयंकर वाटेल. आमच्याकडं वाटत नाही. जन्माचा कागद नसला की गुरुजी एक जून लिहितात. शाळा जूनमध्ये भरते, पोराला सहा वर्षं पुरी झालेली दिसतात, काम भागतं. आमच्या पिढीतल्या निम्म्या मराठवाड्याचा वाढदिवस एक जूनला असतो. माझासुद्धा एक जूनच. एकतीस मेला निवृत्त झालो तेव्हा तालुक्यातले आम्ही पाच शिक्षक एकाच दिवशी हार घालून बसलो होतो, आणि पाचांपैकी एकाचाही जन्म जूनमधला नव्हता. त्या एका ओळीवर पुढं शिवकन्याचं आधार निघालं आणि जन्माचा दाखलाही निघाला. खोट्याचे पक्के कागद होत गेले.

दोन हजार पंचवीसच्या पावसाळ्यात ती राज्याकडून खेळली, आणि डिसेंबरात तिला बोलावणं आलं. भारताचा सतरा वर्षांखालील मुलींचा संघ निवडायचा होता, त्याच्या शिबिरासाठी. बसस्थानकासमोर तिचा फोटो असलेला फलक लागला. ज्या लोकांनी सरदारला वेडा म्हटलं होतं त्यांचे फोटो त्या फलकावर तिच्याहून मोठे होते. सरदारचा नव्हताच. त्याला त्याचं काही नव्हतं. तो तिच्या बुटांना नव्या नाड्या ओवत बसला होता.

सत्काराच्या दिवशी सिताबाई हरखून बोलत होती. सरदारला म्हणाली, "भागवत अठराचा झाला म्हनून मतदानाच्या कारडाला फोटू काढून आला, अन् ही त्याच्याच आठवड्यातली, बघा कुठं पोचली!" तिला बिचारीला काय ठाऊक. सरदारच्या हातातला हार हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला. तोवर तो माझ्या घरी कधी आला नव्हता.

"गुरुजी, शिवकन्याची तारीख तुमी लिव्हली व्हय?"

"मीच."

"खरी हाय?"

"अरे, एक जून कधी कुणाची खरी असते का?" मी हसलो. तो हसला नाही.

"म्हंजे ती अठराची हाय. संघ सतराच्या खालचा हाय, गुरुजी. दुसऱ्या कुण्या पोरीची जागा हाय ती."

मी घाबरलो. घाबरलेला शिक्षक फार मुद्देसूद बोलतो. मी त्याला सांगितलं की कागद वरच्या लोकांनी तपासलेत आणि मान्य केलेत. मग मी त्याच्या वर्मावर बोट ठेवलं. म्हटलं, "सरदार, रामलिंग गेल्या वर्षापासून तिच्यासाठी पाहुणे शोधतोय. ती सोळाची आहे, लग्न लावलंस तर तुरुंगात जाशील, असं तूच त्याला दम देऊन अडवलंयस. आता तूच तारीख उघडी कर. महिन्याभरात तिच्या अंगाला हळद लागते की नाही बघ."

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "म्या गप बसतो मग." आणि गेला. ज्या माणसानं पोटच्या पोरीला आठ दिवस बाहेर बसवलं होतं, तो मूग गिळून बसला. शिवकन्याला तो काहीच बोलला नाही. मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं, हे मी कबूल करतो.

शिबिरातून ती एक दिवसाआड फोन करायची. संघाच्या मुख्य प्रशिक्षक परदेशी बाई होत्या. त्यांचं बोलणं दुसरी एक मुलगी हिंदीत समजावून द्यायची. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, यंदा मी नव्या मुली उतरवणार आहे, आणि घेताना आधी स्वभाव बघणार आहे, पाय नंतर बघेन. "सर, तुमचंच बोलल्या त्या! शब्द बी तेच!" शिवकन्या फोनवर ओरडली. सरदारनं ते दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. मीही दोघा-तिघांना सांगितलं. शेवटच्या तीस मुलींत ती होती. त्यातल्या सात गाळल्या की संघ होणार होता, आणि बाई तिला रोज पहिल्या अकरांत खेळवत होत्या.

मग तिथं दुसऱ्या राज्यातल्या एका मुलीचे दोन जन्मदाखले सापडले. तिला घरी पाठवलं. संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना मैदानावर गोल बसवलं आणि विचारलं, आणखी कुणाच्या कागदात काही खोटं असेल तर आत्ता, स्वतःहून सांगा.

आपण भागवतच्याच आठवड्यात जन्मलो हे शिवकन्याला लहानपणापासून माहीत होतं. पण शाळेतली तारीख म्हणजे खोटं, हे तिला कधी वाटलंच नव्हतं. वर्गात अर्ध्या पोरांची तीच होती. ती तारीख तिला रोल नंबरसारखी वाटायची, गुरुजींनी दिलेली. त्या संध्याकाळी तिनं बसल्या बसल्या बोटांवर हिशेब केला. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. पंचाची पाठच होती म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. सरदारचे हात ओले होते, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर लावला.

"सर, म्या हात वर केला."

सरदारला लगेच कळलं. त्यानं हात फडक्याला पुसले. तिकडून तीच बोलत राहिली. बाईंनी तिला जवळ घेतलं होतं, असली पोरगी मला संघात हवी होती असं म्हणाल्या होत्या, आणि परतीचं तिकीट काढून दिलं होतं. "सर, बरोबर केलं न्हवं?" ती विचारत होती. "सर? ऐकू येतंय न्हवं?"

"शाबास," सरदार म्हणाला. "बरोबर केलंस बाळा. ये."

फोन ठेवून त्यानं घमेल्यातलंच पाणी तोंडावर मारलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तिनं केला, गुरुजी. म्या न्हवता केला."

फलक दुसऱ्या दिवशी उतरवला. पोरगी बसमधून उतरली तेव्हा स्थानकावर फक्त सरदार होता. ज्यांनी तिच्या सत्काराला भाषणं ठोकली ते आता जिल्ह्याचं नाक कापलं म्हणत होते.

मग चौकशी. फुटबॉल संघटनेनं दोन पत्रं धाडली. एक सरदारला: तुम्हाला माहीत होतं का? एक शाळेमार्फत मला: ही तारीख कशाच्या आधारे लिहिली? सरदारनं अर्ध्या पानात उत्तर लिहिलं. मला तीन आठवडे आधी कळलं होतं, मी गप्प बसलो, चूक माझी आहे, मुलीची नाही. त्यानं ते पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं, आणि विचारलं, "गुरुजी, तुमी बी खरं लिव्हनार न्हवं? मंग तिच्यावर कायच येनार न्हाय."

मी हो म्हणालो. घरी गेलो आणि लिहिलं, 'पालकांनी तोंडी सांगितल्याप्रमाणे नोंद घेतली.' कानावर हात ठेवायला मला एक ओळ पुरली. सिताबाईचा अंगठा खाली होताच. बासष्टाव्या वर्षी साहेबांपुढं उभं राहायचं, पेपरात नाव यायचं, ही भीती होती. फार मोठी भीती नव्हती. तेवढीही मला पेलली नाही.

निकाल आला. शिवकन्यावर दोन वर्षं बंदी, कारण पालकांनी खोटी माहिती दिली. सरदारवर जन्मभराची. त्याच्याकडं शिकणारी मुलगी यापुढं कुठल्याच अधिकृत सामन्यात घेणार नाहीत. शाळांनी पोरींना त्याच्याकडं जायला मनाई केली. आठवडाभर तो रिकाम्या मैदानावर दगड मांडून उभा राहिला. मग त्यानं चेंडू खिळ्यावरून काढले. कुठं ठेवले ते शरिफाबीलाही सांगितलं नाही.

रामलिंगच्या हातात संघटनेचं पत्र पडलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, पण त्यात एक गोष्ट त्याच्या कामाची आहे हे त्याला कुणीतरी वाचून सांगितलं. तो बाजारात मला भेटला आणि खुशीत म्हणाला, "गुरुजी, लिव्हूनच आलंय की. पोरगी अठराची हाय. आता सरदारभाई बी काय म्हनू शकत न्हाय." नळदुर्गकडचं स्थळ होतं, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, वय चौतीस. मार्चमधली तारीख धरली.

लग्न ठरल्यावर शिवकन्या एकदा सरदारच्या दुकानात आली. मी पलीकडच्या हॉटेलात चहा पीत होतो, सगळं ऐकू येत होतं. "सर, आता काय करू?" एवढंच तिनं विचारलं. बंदी संपेपर्यंत सराव करीन, मग मोठ्यांच्या संघात बघू, असं तिनं मनाशी ठरवलेलं होतं. सरदार रामलिंगकडं जाऊन आला होता. त्याला वस्तीच्या तोंडावरूनच परत पाठवलं होतं. त्यानं तिला तेवढंच सांगितलं. तिनं खाली पडलेला हवेचा पाइप जागेवर अडकवला आणि ती गेली.

लग्न भर दुपारी होतं, वस्तीवरच, मांडव घालून. मला मानानं पुढं बसवलं होतं. टोपी घातली, कुंकू लावलं, हातात ज्वारीच्या रंगवलेल्या अक्षता दिल्या. अंतरपाट धरला आणि मंगलाष्टकांना सुरुवात होणार, तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. ग्रामसेवक आणि एक महिला पोलीस. बालविवाह होतोय म्हणून हेल्पलाइनला फोन आला होता. फोन करणाऱ्यानं मुलीचं नाव, शाळा, जन्मतारीख, सगळं बिनचूक सांगितलं होतं: एक जून दोन हजार नऊ. मुलगी सोळा वर्षांची.

मांडवात सगळ्यांनाच कळलं की फोन कुणाचा. मलाही कळलं. ज्या तारखेची त्याला लाज वाटली होती, तीच हातात धरून तो उभा राहिला होता.

रामलिंगनं संघटनेचं पत्र दाखवलं, भागवतचा दाखला दाखवला. ग्रामसेवक म्हणाला, "हे चालत नाही. हा दाखला दुसऱ्याचा आहे, आणि खेळवाल्यांचं पत्र मी धरू शकत नाही. शाळेची नोंद सोळा सांगते. ती चुकली म्हणता, मग ज्यानं लिहिली त्यानं सांगावं. नाहीतर लग्न थांबवा."

"गुरुजी हितंच हायत की!" रामलिंग ओरडला. "गुरुजी, तुमीच सांगा!"

मी उठलो. दोनशे माणसं माझ्याकडं बघत होती. अंतरपाटाच्या कडेनं शिवकन्याही बघत होती. मुंडावळ्या बाजूला सारून ती माझ्याकडं एकटक बघत होती, आणि तिला काय हवंय हे मला स्वच्छ कळत होतं. 'नोंद बरोबर आहे.' तीन शब्द. दहा वर्षं मी ते खोटं सांभाळलं होतं. आणखी एकदा सांगितलं असतं तर कागदावरची अठरा पुरी व्हायला तिला सव्वा वर्ष मिळालं असतं, आणि सव्वा वर्षात काहीही होऊ शकलं असतं.

मी खरं सांगितलं. सगळं सांगितलं. पहिली ओस पडत होती, पट टिकवायचा होता, पोर साडेसातची होती, तारीख माझी, सिताबाईचा काही दोष नाही. जे सरदारनं मला लिहायला सांगितलं होतं ते शब्दन् शब्द मी त्या मांडवात बोललो. का बोललो हे मी स्वतःला फार वेळा विचारलंय. महिनोन्‌महिने ते छातीवर घेऊन फिरत होतो, आणि तिथं ते बोलणं सोपं होतं. तिथं खरं बोललं की दोनशे माणसं खूश होणार होती. म्हणून बोललो. मला माझा राग येतो, आणि तो येत राहावा अशी माझी इच्छा आहे.

ग्रामसेवकानं जबाब लिहून घेतला, मी सही केली. सिताबाईनं माझ्या पायाला हात लावला. "गुरुजी बोलले, खरं बोलले," असं मागं कुणीतरी म्हणालं. शिवकन्यानं मुंडावळ्या सोडल्या आणि खाली बघितलं. अष्टकं संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. इतरांबरोबर मीही हात उचलला आणि तिच्या अंगावर अक्षता टाकल्या.

जेवण न करता मी मुरुमला आलो आणि सरदारच्या दुकानासमोर उभा राहिलो. तो एका मोटारसायकलची ट्यूब घमेल्यात फिरवत होता.

"लागलं?" त्यानं विचारलं.

"लागलं."

"थांबिवलं न्हाय त्येंनी?"

"मला विचारलं. मी खरं सांगितलं."

त्याचा हात पाण्यात थांबला. तो ओरडेल, शिवी देईल असं मला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"म्या फोनवर खोटं बोललो, गुरुजी," तो म्हणाला. "सोळाची हाय म्हनून सांगितलं. जन्मात पयल्यांदा तोंडानं खोटं बोललो. अन् तुमाला आजच खरं बोलायचं हुतं."

मग त्यानं ट्यूब बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि कानशीनं घासायला घेतली. मी उभाच होतो. त्यानं मला बसा म्हटलं नाही. घरी आलो तेव्हा टोपीच्या घडीत ज्वारीचे चार दाणे अडकले होते, ते बायकोनं दारातच झटकले.